वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध करून ते १८९३ मध्ये भारतात आले.

भायखळा तुरुंगातील चाचणी

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली व १० जानेवारी, १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. दोन्ही गट एकाच आवारात, एकाच साथीला तोंड देत होते, म्हणून ही तुलना अर्थपूर्ण ठरली. लस घेतलेल्यांत रुग्ण कमी आढळले. मात्र गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती. ती पद्धत वैद्यकीय चाचण्यांत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली.

मुलकोवाल प्रकरण

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर येऊन त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.