शेतातली दोरी कुठं लावायची? या प्रश्नावर साताऱ्याचा माणूस थेट महालनोबिसांना भिडला होता

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी. बातम्यांत हे नाव येतं ते विडी कामगारांच्या घरकुलांमुळं. पण गावाला शिवारही आहे आणि दक्षिण सोलापुरातल्या बाकी गावांसारखी इथंही रब्बीला ज्वारी असते.

अशा शिवारात ज्वारी काढणीला आली की पीक कापणी प्रयोग होतात. चिठ्ठी टाकल्यासारखी काही शेतं निवडायची, दोरी लावून चौकोन आखायचा, आतलं कापायचं, मळायचं, वजन करायचं. बऱ्याच पिकांसाठी हा चौकोन 10 बाय 5 मीटरचा असतो. या वजनांवरून महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरतं आणि विम्याचे पैसे मिळणार की नाही, हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतं.

आता कुणाच्याही मनात येईल, चौकोन एवढा मोठा कशाला? मीटरभराचा घेतला तर काम तासाभरात उरकेल की.

हाच प्रश्न 80 वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं धसास लावला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. 1932 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि मग गडी पोचला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. त्या वेळी तिथं फिशर, नेमन आणि इगॉन पिअरसन होते. आज कॉलेजात जे संख्याशास्त्र शिकवतात त्यातलं बरंचसं या तिघांचं, आणि फिशर यांचं बाकी दोघांशी फारसं पटायचं नाही हेही जगजाहीर. सुखात्म्यांनी 1936 मध्ये पीएचडी आणि 1939 मध्ये डीएससी मिळवली. 1940 ला ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले.

तेव्हा देशात पीक मोजायचे कसे? नजरेनं. शिवारात फिरायचं आणि यंदा रुपयात किती आणे पीक आलंय ते सांगायचं. हीच ती आणेवारी. त्यात 1943 साली बंगालचा दुष्काळ पडला. माणसं मरत होती आणि भात नक्की किती पिकलाय याचा भरवशाचा आकडा सरकारकडं नव्हता.

प्रत्यक्ष कापून मोजायला हवं यावर एकमत होतं. भांडण होतं ते किती कापायचं यावर.

एका बाजूला होते कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, भारतीय संख्याशास्त्राचं सगळ्यात मोठं नाव. त्यांचं म्हणणं, तुकडे लहान घ्या पण भरपूर ठिकाणी घ्या. खर्च कमी आणि चूकही कमी. कागदावर हे बिनतोड होतं.

सुखात्म्यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे प्रत्यक्ष कापून बघितले. आज आर सारख्या प्रोग्रामिंग भाषेत तो डेटा टाकला तर दोन ओळींत आलेख निघेल: आडव्या अक्षावर तुकड्याचा आकार, उभ्या अक्षावर एकरी उतारा. शेत तेच, पीक तेच, म्हणजे रेघ सपाट यायला हवी. पण तुकडा लहान होईल तसा उतारा फुगत होता.

गोम होती कडेला. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. 1 चौरस मीटरच्या चौकोनाला 4 मीटर कड असते. 10 बाय 5 च्या चौकोनात 50 चौरस मीटरला कड फक्त 30 मीटर, म्हणजे चौरस मीटरमागं 60 सेंटिमीटर. कड जास्त तेवढी अशी फुकटची ताटं जास्त. आणि ही चूक कायम एकाच बाजूला झुकणारी, त्यामुळं हजार जागी मोजलं तरी सरासरीत विरघळत नाही. उलट आकडा जास्त पक्का वाटायला लागतो, हे त्याहून वाईट.

1946 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. महालनोबिसांचं उत्तर होतं की माणसं नीट शिकवली की कडेची चूक आवरते. सुखात्म्यांना मात्र गावातल्याच महसूल कर्मचाऱ्यांकडून जमेल अशी पद्धत हवी होती. आज बहुतेक राज्यांत मोठा तुकडा आहे, पश्चिम बंगालात मात्र लहान गोल.

1950 च्या दशकात सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत 1970 पर्यंत संख्याशास्त्र विभाग सांभाळला. तेव्हा जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत असं सर्रास बोललं जायचं. 1961 मध्ये त्यांनी हिशेब मांडला: पोटाला पुरेसं न मिळणारे 10 ते 15 टक्के, आणि निकृष्ट आहाराचे धरले तर निम्म्यापर्यंत. 1971 ला पद्मभूषण मिळालं.

त्याच वर्षी पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी रोजच्या 2250 कॅलरी हा आधार धरून देशातली गरिबी मोजली. सुखात्मे आडवे आले. 2250 ही सरासरी आहे आणि एकाच माणसाची गरज रोज बदलते, मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा? त्यांनी रेघ बरीच खाली ओढली. टीकाही तशीच झाली: शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, याचा अर्थ ते अन्न पुरेसं आहे असा होत नाही, आणि अशा रेघेनं खरे उपाशी यादीतून गळतात. ही टीका साधी नव्हती. दोरीच्या कडेचं ताट आत की बाहेर, तोच प्रश्न आता माणसांना लागू झाला होता. फक्त इथं कापून वजन करून बघायची सोय नव्हती.

28 जानेवारी 1997 ला सुखात्मे गेले. तोवर त्या रेघेवरचा वाद मिटला नव्हता.