भास्कराचार्य द्वितीय

भास्कराचार्य द्वितीय (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ आणि ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील भास्कर या गणितज्ञापासून वेगळेपण दाखविण्यासाठी त्यांच्या नावापुढे 'द्वितीय' असे लिहिले जाते. 'सिद्धान्तशिरोमणि' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय' हे त्याचे चार भाग आहेत. तीन ज्ञात राशींवरून चौथी अज्ञात राशी काढण्याच्या त्रैराशिक या रीतीला त्यांनी आपल्या गणितात मध्यवर्ती स्थान दिले.

== जीवन ==
भास्कराचार्यांचा जन्म शांडिल्य गोत्रातील एका विद्वान कुळात झाला. त्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू होत. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे भास्कराचार्यांनी नमूद केले आहे. हे गाव नेमके कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद असून चाळीसगावजवळील पाटणे, बीड आणि विजापूर ही नावे सुचविली गेली आहेत.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला व त्यावर 'वासनाभाष्य' ही स्वतःची टीकाही लिहिली. इ.स. ११८३ हे वर्ष आरंभ धरून रचलेला 'करणकुतूहल' हा पंचांगगणितासाठी उपयुक्त असा ग्रंथ त्यांच्या उतारवयातील आहे.

== त्रैराशिक ==
त्रैराशिकाची रीत भास्कराचार्यांच्या आधीपासून प्रचारात होती. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांतही ती आढळते. तिच्यातील तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या असतात, तर फल वेगळ्या जातीचे असते. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले असता इच्छाफल मिळते.

'लीलावती'तील एका उदाहरणात ३/७ निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर ९ निष्कांना किती मिळेल, असे विचारले आहे. येथे ३/७ हे प्रमाण, अडीच हे फल आणि ९ ही इच्छा होय. उत्तर साडेबावन्न पळे येते.

इच्छा वाढली असता फल घटत असेल, तेथे ही रीत उलटी करावी लागते. तिला व्यस्त त्रैराशिक म्हणतात. ७ आढकांच्या मापाने धान्याची रास मोजली असता १०० मापे भरतात. तीच रास ५ आढकांच्या मापाने मोजल्यास १४० मापे भरतील. माप लहान झाले की मापांची संख्या वाढते, हे न ओळखता सरळ त्रैराशिक मांडल्यास उत्तर चुकते. म्हणून राशी मांडण्यापूर्वी त्यांचा परस्परसंबंध सरळ आहे की व्यस्त, हे ठरविणे आवश्यक ठरते. सोन्याच्या कसावरून वजन आणि जनावरांच्या वयावरून किंमत काढण्याची उदाहरणेही याच प्रकारात येतात. दासीच्या वयावरून तिची किंमत काढण्याचे उदाहरणही त्यांत असून त्यावरून तत्कालीन समाजातील दासप्रथा दिसून येते.

राशींची संख्या वाढवून पंचराशिक, सप्तराशिक इत्यादी प्रकार सिद्ध होतात. १०० वर दरमहा ५ व्याज असल्यास १६ चे एका वर्षाचे व्याज ९ पूर्णांक ३/५ होते, हे उदाहरण पंचराशिकाचे आहे.

== ज्योतिषातील उपयोग आणि मर्यादा ==
बाजारातील हीच रीत भास्कराचार्यांनी ग्रहगणितातही वापरली. कल्पातील दिवस हे प्रमाण, कल्पातील ग्रहाच्या प्रदक्षिणा हे फल आणि कल्पारंभापासून इष्ट दिवसापर्यंतची दिवससंख्या, म्हणजे अहर्गण, ही इच्छा मानली की ग्रहाचे मध्यम स्थान मिळते. वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ वगळता सर्व गणित हे त्रैराशिकाचेच रूप आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मात्र या रीतीची मर्यादाही त्यांनी ओळखली होती. कोन वाढत जातो त्या प्रमाणात ज्या वाढत नाही; त्यामुळे ज्यासारणीतील दोन मूल्यांमधील मूल्य केवळ त्रैराशिकाने काढल्यास ते स्थूल येते. त्यासाठी भोग्यखंडाचा संस्कार त्यांनी दिला आहे. ग्रहाची गती दिवसभर एकसारखी नसल्यामुळे त्यांनी तात्कालिक गतीचाही विचार केला.

== वारसा ==
भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी झाले. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणे येथे मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या तेथील शिलालेखात या कुळाची वंशावळ दिली असून मठाला मिळालेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारातील उत्पन्नाबरोबरच प्रत्येक चालत्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

'लीलावती'वर अनेक टीका झाल्या. त्यांपैकी नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची 'बुद्धिविलासिनी' (इ.स. १५४५) विशेष प्रसिद्ध आहे. इ.स. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. लीलावती या कन्येची प्रसिद्ध आख्यायिका या अनुवादात आढळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही. जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत, तर कोलब्रुक यांचे १८१७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्रैराशिक हा शब्द मराठी अंकगणितात पुढेही रूढ राहिला. आज शाळेत शिकविले जाणारे समचलन आणि व्यस्त चलन ही त्याच विचाराची रूपे होत.