सेवाव्रती भगिनी निवेदिता

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. लोक या रोगाला गाठीचा ताप म्हणत. प्रथम कडकडून ताप येई, मग काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावत असे. पाहता पाहता ही साथ पुण्यात व इतर अनेक गावांत पसरली. लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहू लागले. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढे १८९८ साली प्लेग देशाच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकाता शहरात जाऊन पोचला. तेथे ज्या थोड्या लोकांनी जिवाची तमा न बाळगता रोग्यांची सेवा केली, त्यांत साता समुद्रांपलीकडून आलेली एक स्त्री होती. भारतात ती भगिनी निवेदिता या नावाने ओळखली जाते.

निवेदितांचे मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. आयर्लंडमधील डंगॅनन या गावी २८ ऑक्टोबर १८६७ रोजी मार्गारेटचा जन्म झाला. तिचे वडील सॅम्युअल नोबल हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ती अवघी दहा वर्षांची असताना वडील वारले आणि तीन मुलांचा भार आईवर पडला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे शिक्षण पुरे होताच वयाच्या सतराव्या वर्षी मार्गारेटने शिक्षिकेची नोकरी धरली. मुलांना दटावून, पाठांतर करवून शिकविण्याची रीत तिला पसंत नव्हती. खेळता खेळता आणि स्वतःच्या हातांनी काही करता करता मुले उत्तम शिकतात, असे तिचे मत होते. पुढे लंडनजवळ विंबल्डन येथे तिने स्वतःची शाळा काढली आणि एक विचारी शिक्षिका म्हणून तिचा लौकिक झाला.

नोव्हेंबर १८९५ मध्ये लंडनमधील एका घरी मार्गारेटने स्वामी विवेकानंदांना प्रथम पाहिले. दोनच वर्षांपूर्वी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामीजींची कीर्ती झाली होती. परंतु केवळ कीर्तीने भारून जाणाऱ्यांपैकी मार्गारेट नव्हती. प्रत्येक गोष्ट तर्काने पारखून घेण्याची तिची सवय होती. ती शंका विचारी, वाद घाली आणि घरी गेल्यावर ऐकलेल्या गोष्टींचा पुन्हा विचार करी.

गीतेतील कर्मयोग हा स्वामीजींच्या आवडीचा विषय होता. माणसाने आपले काम पूर्ण मन लावून करावे. त्याचे फळ हाती येईल की नाही, लोक नावाजतील की नाही, याची चिंता वाहू नये. ते काम ईश्वराची पूजा समजून त्यालाच अर्पण करावे, असा या योगाचा आशय आहे. मूर्तीपुढे फूल वाहणारा भाविक देवाकडे फुलाचे मोल मागत नाही. भुकेल्याला अन्न आणि रोग्याला औषध देणाऱ्यानेही तितकेच निरपेक्ष असावे, ही शिकवण मार्गारेटच्या मनात खोल रुजली. भारतात जाऊन तेथील मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचावे, असा निश्चय तिने केला.

स्वामीजींनी तिला मोहक चित्र दाखविले नाही. भारतातील कडक ऊन, दारिद्र्य, शिवाशिवीच्या रूढी, एतद्देशीयांचा संशय आणि गोऱ्या लोकांचा उपहास, या साऱ्यांची त्यांनी पत्राने आगाऊ कल्पना दिली. तरीही तिचा निश्चय ढळला नाही. २८ जानेवारी १८९८ रोजी ती कलकत्त्याच्या बंदरात उतरली. त्याच वर्षी २५ मार्च रोजी स्वामीजींनी तिला ब्रह्मचर्यव्रताची दीक्षा दिली आणि निवेदिता हे नाव ठेवले. निवेदिता म्हणजे ईश्वराला अर्पण केलेली.

निवेदिता कलकत्त्याच्या उत्तर भागातील बागबाजार या जुन्या वस्तीत राहू लागल्या. त्या बंगाली भाषा शिकल्या. परदेशी बाईच्या हातचे पाणीही ज्या काळी लोक घेत नसत, त्या काळी श्रीरामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी यांनी त्यांना आपल्या मुलीप्रमाणे जवळ केले. त्यामुळे शेजारपाजारच्या घरांची दारे हळूहळू उघडू लागली. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी बोसपाडा गल्लीतील एका घरात सारदादेवींच्या हस्ते निवेदितांच्या मुलींच्या शाळेचा आरंभ झाला. मुली मिळविण्यासाठी निवेदिता घरोघर जाऊन आईबापांची विनवणी करीत.

शाळेचा जम बसतो न बसतो तोच मार्च १८९९ मध्ये शहरात प्लेगने पुन्हा उचल खाल्ली. या रोगाचा जंतू १८९४ साली सापडला होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे तो माणसाच्या शरीरात शिरतो, ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस उपलब्ध होती. पण लोक तिला भीत. आज ज्या प्रतिजैविक औषधांनी प्लेग बरा होतो, ती निघण्यास अद्याप चाळीसहून अधिक वर्षांचा अवधी होता. स्वच्छता आणि शुश्रूषा एवढेच उपाय हाती होते. मात्र ज्या दाट वस्त्यांत स्वच्छतेची सर्वांत अधिक गरज होती, तेथेच गटारे तुंबली होती व कचऱ्याचे ढीग साचले होते. रोगाच्या धास्तीने सफाई करणारे कामगारही पळून जात होते.

स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशन या संस्थेची स्थापना केली होती. आदल्या वर्षीच्या साथीच्या वेळी, गरज पडल्यास मठासाठी घेतलेली जमीन विकूनही रोग्यांची सेवा करण्याची तयारी त्यांनी दाखविली होती. आता ३१ मार्च १८९९ रोजी मिशनने प्लेगनिवारणाचे काम हाती घेतले. निवेदिता या कार्याच्या चिटणीस झाल्या. स्वामी सदानंद यांच्याकडे प्रत्यक्ष सफाईची देखरेख आली. सदानंद कामगारांना बरोबर घेऊन बागबाजार, श्यामबाजार या भागांतील वस्त्या झाडून काढू लागले. इकडे निवेदितांनी वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन करून पैसा उभा केला.

केवळ पत्रे लिहून आणि हिशेब ठेवून निवेदितांचे समाधान होण्यासारखे नव्हते. एके दिवशी बागबाजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. एक गोरी स्त्री हातात झाडू आणि टोपली घेऊन स्वतः रस्ता झाडीत होती. तो काळ इंग्रजी अमलाचा होता. गोऱ्या माणसाने आज्ञा करावी आणि इतरांनी राबावे, हीच सर्वांच्या सवयीची रीत. त्यातच रस्ता झाडणे हे हलके काम, ते चांगल्या घरच्या मुलांनी करावयाचे नाही, असा आपल्याही समाजाचा समज होता. निवेदितांनी कोणाला बोल लावला नाही की कोणाला उपदेश केला नाही. त्या मुकाट्याने झाडीत राहिल्या. ते पाहून वस्तीतील तरुण मनात खजील झाले. आपला रस्ता आपण झाडावयाचा की दूर देशाहून आलेल्या या बाईने, हा प्रश्न त्यांना टोचू लागला. मग तेही झाडू घेऊन पुढे आले.

एप्रिल महिन्यात शहरातील क्लासिक थिएटरमध्ये सभा भरली. विवेकानंद अध्यक्षस्थानी होते. प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य या विषयावर निवेदितांचे व्याख्यान झाले. ते ऐकून पंधरा विद्यार्थ्यांनी सेवेसाठी आपली नावे दिली. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने पंधरा ही संख्या फार लहान होती. परंतु निवेदितांनी तिला कमी लेखले नाही. विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्या घरोघर जाऊ लागल्या. घर कसे स्वच्छ ठेवावे, रोगापासून बचाव कसा करावा, हे त्या लोकांना समजावून सांगत आणि माहितीची पत्रके वाटीत. आठवड्यातून एकदा सारे एकत्र जमून झालेल्या कामाचा वृत्तान्त निवेदितांना देत. वेतन नाही, मानपत्र नाही, जिवाला धोका मात्र रोजचा, असे हे काम होते.

त्या सुमारास डॉक्टर राधागोविंद कर हे बागबाजार भागात रोग्यांना तपासीत असत. एका दुपारी ते घरी परतले, तेव्हा दाराशी निवेदिता त्यांची वाट पाहत बसलेल्या त्यांना दिसल्या. त्याच सकाळी डॉक्टरांनी वस्तीतील एका प्लेग झालेल्या मुलाला तपासले होते. त्याची शुश्रूषा करण्याची निवेदितांची इच्छा होती. मुलाची अवस्था कठीण असून हा रोग संसर्गाने पसरतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले व स्वतःला जपण्याचा इशारा दिला. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा वस्तीत गेले, तो त्या ओलसर, मोडक्या झोपडीत निवेदिता मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आपले घर सोडून त्या रात्रंदिवस तेथेच राहिल्या. झोपडी जंतुरहित करण्याची वेळ आली, तेव्हा लहानशी शिडी आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी भिंतींना चुना लावला. मूल वाचण्याची आशा उरलेली नाही, हे त्यांना कळले होते. तरीही त्यांच्या शुश्रूषेत रतीभर उणीव आली नाही. दोन दिवसांनी त्या मुलाने निवेदितांच्या मांडीवरच अखेरचा श्वास घेतला.

येथेच कर्मयोगाची खरी कसोटी लागते. रोगी बरा झाला, लोकांनी धन्यवाद दिले, तर सेवा करणाऱ्याचा उत्साह आपोआप वाढतो. पण इतके श्रम करूनही मूल वाचले नाही. तेव्हा ती सेवा व्यर्थ गेली काय? निवेदितांना तसे वाटले नाही. मूल जगविणे त्यांच्या हाती नव्हते. त्याला एकटे मरू न देणे हे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. शोक आवरून त्या पुन्हा दुसऱ्या रोग्यांकडे वळल्या. त्या दिवसांत त्यांचा आहार दूध आणि फळे एवढाच होता. एका रोग्याच्या औषधाला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःचे दूधही बंद केले.

साथ ओसरल्यावर शाळेसाठी पैसा जमविण्याकरिता निवेदिता काही काळ इंग्लंड व अमेरिकेत गेल्या आणि १९०२ च्या आरंभी परत आल्या. त्याच वर्षी ४ जुलै रोजी विवेकानंदांचे निर्वाण झाले. गुरूचा आधार गेला, तरी निवेदितांनी घेतलेले व्रत सोडले नाही. शाळा चालविणे, ग्रंथ लिहिणे, देशभर व्याख्याने देणे हे सारे त्या अखंड करीत राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी मुंबई आणि नागपूर येथेही व्याख्याने दिली.

१९०६ साली पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, दुष्काळ आणि महापूर ही दोन्ही संकटे एकदम कोसळली. बारिसाल भागात अश्विनीकुमार दत्त व त्यांचे स्वयंसेवक लोकांना धान्य पुरवीत होते. निवेदिता तेथे धावून गेल्या. नावेतून आणि चिखलातून वाट काढीत त्या गावोगाव फिरल्या, लोकांना धीर दिला आणि त्यांची हलाखी लेखांतून जगापुढे मांडली. या प्रवासाहून परतल्यावर त्यांना हिवतापाने ग्रासले. त्यातून त्या उठल्या, पण प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही. १३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांच्या वयाला चव्वेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या इच्छेप्रमाणे आयुष्याचे अखेरचे धनही मुलींच्या शिक्षणाकडे गेले.

बोसपाडा गल्लीत लावलेले शाळेचे रोपटे पुढे वाढले; बागबाजारात निवेदितांच्या नावाची ती शाळा आजही मुलींना शिक्षण देत आहे. झोपडीत मरण पावलेल्या त्या मुलाचे नाव मात्र कोणालाही ठाऊक नाही. निवेदितांनी केलेल्या सेवेचे मोठेपण यातच आहे. ज्याच्याकडून परतफेडीची काडीचीही शक्यता नव्हती, अशा एका अनामिक बालकासाठी त्यांनी दोन दिवस आणि दोन रात्री आपला जीव धोक्यात घातला, आणि मग त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या.