हिवाळा आला की निघणारा कप्तान

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला आठवते ते क्रिकेट. पण विसाव्या शतकाच्या आरंभी साठी ओलांडलेला एक कप्तान हिवाळा आला की आपली लहानशी शिडाची होडी घेऊन, एकट्याने, त्या बेटांकडे निघायचा. जोशुआ स्लोकम त्याचे नाव. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी म्हणून जग त्याला ओळखते. मला मात्र प्रदक्षिणेनंतरचा स्लोकम अधिक विचारात पाडतो.

त्याचा जन्म १८४४चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातला. वडील बूट शिवायचे आणि पोरालाही त्याच कामाला जुंपलेले. १८६० मध्ये आई गेली आणि सोळा वर्षांच्या जोशुआने समुद्र गाठला. पुढे तो कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनीत त्याने व्हर्जिनिया वॉकरशी लग्न केले आणि तिने जहाजावरच संसार थाटला. १८८४ मध्ये ब्युनॉस आयर्सला जहाजावरच तिने डोळे मिटले. दुसरी पत्नी हेन्रिएटा. तिच्या नशिबी आले १८८७चे ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज! स्लोकमने स्वतः होडी बांधून बायको आणि दोन मुलांना अमेरिकेत सुखरूप आणले खरे, पण हेन्रिएटा पुन्हा कधी त्याच्याबरोबर दूरच्या सफरीवर गेली नाही.

तोवर आगबोटींचे राज्य आले होते. शिडाच्या जहाजाच्या कप्तानाला कोण विचारणार? हाताने खतावण्या लिहिता लिहिता संगणक आलेला पाहणाऱ्या आमच्या बँकेतल्या पिढीला हे दुःख वेगळे सांगायला नको. १८९२ मध्ये एका स्नेह्याने त्याला एक जहाज देऊ केले. पाहतो तर काय, शेतात पडलेला एका जुन्या होडीचा सांगाडा! तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ती नव्याने उभी केली. लांबी जेमतेम सदतीस फूट. नाव 'स्प्रे'.

२४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी परतला. सेहेचाळीस हजार मैल! हा माणूस पोहायलाही शिकला नव्हता. मात्र 'स्प्रे'चे शीड आणि सुकाणू एकदा बसवून बांधले की ती आपली वाट सोडत नसे. हिंदी महासागरात कोकोस-कीलिंग बेटांकडे जाताना तेवीस दिवसांत त्याने सुकाणूला हात लावला तो सारे मिळून जेमतेम तीन तास.

१९०० मध्ये पुस्तक आले, नाव झाले. मग मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर त्याने छोटी शेतवाडी घेतली, फळझाडे लावली. हेन्रिएटाला वाटले असेल, चला, आता तरी स्थिरावले. पण १९०५पासून हिवाळ्याच्या तोंडावर त्याचे पाय किनाऱ्याकडे वळू लागले. थंडी पडेतो कॅरिबियनमधला वादळांचा हंगाम ओसरतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावतात. जमैका, बहामा... शिंपले, प्रवाळ गोळा करावेत, वाटेतल्या बंदरांत पुस्तके विकावीत, वसंतात परतावे. नोकरी संपली तरी कसब संपत नाही. ते हाताला स्वस्थ बसू देत नाही.

'स्प्रे'ही आता थकली होती. १९०९च्या नोव्हेंबरात, पासष्टाव्या वर्षी, तो पुन्हा एकदा दक्षिणेकडे निघाला. पुढे ओरिनोको आणि ॲमेझॉन नद्यांतून फिरायचा बेत होता. त्यानंतर ना तो दिसला, ना होडी. कायद्याच्या दप्तरी तो मृत ठरला थेट १९२४ मध्ये.

बेपत्ता माणसाच्या खात्याचे दावे मी बँकेत पाहिले आहेत. आपल्या कायद्याने सात वर्षे वाट पाहावी लागते. समोर बसलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू असते आणि हातात अर्ज. स्लोकमच्या धाडसाला सलाम करताना त्यामुळेच मला त्या शेतवाडीचीही आठवण होते. त्याने लावलेल्या झाडांना फळे येत राहिली असतील. ती तोडायला घरी कोणीतरी एकटे उरले होते.