विश्लेषण : स्पिनोझा यांनी प्राध्यापकपद का नाकारले?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात देकार्तपाठोपाठ येणारे नाव म्हणजे बारूख स्पिनोझा. त्यांचा जन्म १६३२ मध्ये अॅमस्टरडॅममधील पोर्तुगीज-ज्यू व्यापारी कुटुंबात झाला.

बहिष्कार कशासाठी?
२७ जुलै १६५६ रोजी ज्यू समाजाने २३ वर्षांच्या स्पिनोझांना बहिष्कृत केले. आदेशात पाखंडी मतांचा ठपका आहे. ती मते कोणती, हे मात्र नमूद नाही. पुढे ते दुर्बिणी व सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासत साधेपणाने जगले.

राज्यसत्तेला काय सांगितले?
१६७० मध्ये त्यांनी धर्म आणि राज्यसत्तेवरील ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. कायदा जीभ आवरू शकतो, विचार नाही. सक्ती केली की माणसे मनात एक ठेवून दुसरेच बोलतात आणि परस्परांवरील विश्वास संपतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६७४ मध्ये हॉलंडमध्ये ग्रंथावर बंदी आली.

पद का नाकारले?
१६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. विचारस्वातंत्र्य मिळणार होते, पण प्रस्थापित धर्माला धक्का न लावण्याच्या अपेक्षेसह. ही मर्यादा नेमकी कुठे, हे स्पष्ट नसल्याने त्यांनी नकार दिला.

आज महत्त्व काय?
१६७७ मध्ये ४४व्या वर्षी हेग येथे त्यांचे निधन झाले; ‘एथिक्स’ हा प्रमुख ग्रंथ त्यानंतरच छापला गेला. वर्गात वा मोबाइलवर मत मांडताना कचरणाऱ्यांपुढे आजही तोच प्रश्न आहे : बोलण्याची मर्यादा कोण आखणार?