विश्लेषण : संस्कृतच्या प्राध्यापकाने महाराष्ट्राला दोनदा रणजी करंडक कसा जिंकून दिला? कोण होते दि. ब. देवधर?

रणजी करंडकावर महाराष्ट्राचे नाव दोनदाच लागले आहे. 1939-40 आणि 1940-41, असे लागोपाठ दोन हंगाम. दोन्ही वेळा कर्णधार एकच होता. वय 48, पेशाने पुण्यातल्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. नाव दिनकर बळवंत देवधर.

अनेकांचा इथे गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगायला हवे. आपल्या राज्यातून रणजीत मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन वेगळे संघ खेळतात. त्यातला ‘महाराष्ट्र’ म्हणजे पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक या भागाचा संघ. आज त्याचे घरचे मैदान गहुंजेत आहे. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्यांना ते एक्स्प्रेस वेवरून जाताना दिसते. आमच्या पिढीला ते माहीत आहे ते आयपीएलमुळे. रणजीचा सामना बघायला तिथे किती जण जातात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

कसोटी का मिळाली नाही?

देवधरांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजी पुण्यात झाला. 1911 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. भारताचा कसोटी संघ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मोठे क्रिकेट म्हणजे मुंबईतली युरोपियन, हिंदू आणि पारशी संघांची तिरंगी स्पर्धा. देवधर तिथे हिंदूंकडून खेळत.

1926 च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ भारतात आला. मुंबईच्या सामन्यात अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी 148 धावा केल्या. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून 153 धावा ठोकल्या. भारतीय फलंदाज इंग्रज गोलंदाजांसमोर टिकतात, हे या दोन डावांनी दाखवले. दोन वर्षांनी, 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. भारत पहिली कसोटी खेळला तो 1932 मध्ये, लॉर्ड्सवर. नायडू त्या संघाचे कर्णधार होते. देवधर तेव्हा 40 वर्षांचे होते आणि संघात नव्हते. पुढेही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ते 20 वर्षे लवकर जन्मले, एवढेच त्याचे कारण म्हणता येईल. पण माणसाने त्यावर जे केले, ते जास्त महत्त्वाचे वाटते.

छोट्या संघाने मोठ्यांना कसे गाठले?

रणजी करंडक 1934-35 मध्ये सुरू झाला. पहिली दोन विजेतेपदे मुंबईने घेतली. मुंबईकडे जिमखाने होते, पैसा होता, वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा होत्या. काही संघांच्या पाठीशी संस्थानिक होते. महाराष्ट्राकडे यातले फारसे काही नव्हते. कर्णधारच मुळात नोकरी सांभाळून खेळणारा होता.

इथे स्पर्धेचा एक नियम समजून घ्यावा लागतो. सामने बाद पद्धतीचे होते. सामना पूर्ण झाला नाही, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जाणार. म्हणजे पहिल्या डावात समोरच्यापेक्षा एक धाव जास्त केली तरी चालेल. पण त्यासाठी खेळपट्टीवर तासन् तास उभे राहता आले पाहिजे. देवधरांच्या महाराष्ट्राचे धावफलक बघितले की हे गणित संघाला पुरते उमगले होते, असे दिसते.

1939-40 मध्ये बडोद्याविरुद्ध पुण्यात सांगलीच्या विजय हजारेंनी नाबाद 316 धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधले भारतीय फलंदाजाचे ते पहिले त्रिशतक. गंमत म्हणजे नवव्या गड्यासाठी हजारे आणि नगरवाला यांनी 245 धावा जोडल्या. आठ गडी गेल्यावर! शेपटानेही विकेट फेकायची नाही, ही त्या संघाची सवय होती. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाला, हरवले.

पुढच्या हंगामात गाठ पडली मुंबईशी, तीही पुण्यात. महाराष्ट्र 675, मुंबई 650. दोन डावांत मिळून 1325 धावा, आणि फरक फक्त 25 चा. मुंबईकडून खंडू रांगणेकरांनी 202 धावा केल्या. हेच रांगणेकर आदल्या वर्षी महाराष्ट्राकडून खेळले होते, त्यामुळे त्या द्विशतकाची बोच वेगळीच असणार. महाराष्ट्राकडून 22 वर्षांचे रंगा सोहोनी नाबाद 218. आणि कर्णधार देवधर 246. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वोच्च धावसंख्या आली तेव्हा त्यांना 49 वे वर्ष चालू होते. हा अडसर दूर झाल्यावर अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. सोहोनींनी त्या हंगामात रणजीत 655 धावा केल्या.

नंतर काय झाले?

हजारे बडोद्याकडे गेले, करंडक पुन्हा मुंबईने नेला. देवधर मात्र थांबले नाहीत. 1944 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके केली : 105 आणि 141. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झालेले त्यांचे क्रिकेट दुसरे महायुद्ध संपल्यावर थांबले. एकूण 81 प्रथम श्रेणी सामने, 4522 धावा, 9 शतके.

घरातही खेळच होता. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. 1940 च्या दशकात मुलींना रॅकेट घेऊन परगावी पाठवणे किती घरांत चालले असते, याचा विचार केला तर हे काम 246 धावांपेक्षा लहान वाटत नाही.

पुढे देवधर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. 1965 मध्ये पद्मश्री, 1991 मध्ये पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये मंडळाने विभागीय संघांसाठी त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू केला. ती स्पर्धा मर्यादित षटकांची. दिवस दिवस खेळपट्टी न सोडणाऱ्या माणसाच्या नावाला हाच प्रकार कसा मिळाला, याचे थोडे हसू येते.

वयाचीही शंभरी त्यांनी पार केली. 1992-93 च्या हंगामात महाराष्ट्र पुन्हा रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा 101 वर्षांचे देवधर हयात होते. पंजाबने तो सामना जिंकला. काही महिन्यांनी, 24 ऑगस्ट 1993 रोजी देवधरांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर 2013-14 मध्ये महाराष्ट्र आणखी एकदा अंतिम फेरीत गेला आणि कर्नाटककडून हरला.