शेठ वालचंद हिराचंद : मालवाहतुकीच्या धंद्यातील आद्य गुरू

दरवर्षी ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सन १९१९ मध्ये याच दिवशी 'लॉयल्टी' नावाची आगबोट मुंबई बंदरातून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीने परदेशी जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. या साहसामागे जे मोजके लोक उभे होते, त्यांतील एक सोलापूरचा होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव. जहाज, मोटार, विमान अशा वाहतुकीच्या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभे केले. त्यामुळे त्यांचे चरित्र केवळ उद्योगपतींनीच वाचावे असे नाही. कर्ज काढून पहिला ट्रक घेऊ पाहणाऱ्या, 'एमएच ०६' या क्रमांकाच्या नोंदणीसाठी पेणच्या परिवहन कार्यालयाची पायरी चढणाऱ्या तरुणालाही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पेण आणि रोहा हे तालुके वाहतुकीच्या धंद्याला जणू आवतण देणारे आहेत. मुंबई-गोवा महामार्ग या भागातून जातो. डोलवीचा पोलाद कारखाना, धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, जवळचे न्हावाशेवा बंदर आणि पेणच्या गणेशमूर्तींचा जगभर पसरलेला व्यापार यांमुळे मालाला तोटा नाही. तोटा होतो तो गाडीमालकाचा, आणि बहुतेक वेळा तो होतो हिशेब चुकल्यामुळे. वालचंद यांच्या आयुष्यात हे हिशेब साधल्याचे आणि चुकल्याचे, असे दोन्ही प्रकारचे प्रसंग आहेत.

कारकुनाशी भागीदारी

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, पण सोलापुरात स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. वालचंद यांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले. परंतु पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते.

त्यांना हवी ती वाट लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यामुळे सापडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. कामाची माहिती त्यांच्याकडे होती, भांडवल नव्हते. वालचंद यांच्याकडे पत होती, अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम घेतले. त्यानंतर कंत्राटे वाढत गेली. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या नळांचे काम यांसारखी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. बोरघाट म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा माथाच. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे याच कामाचे फलित.

या प्रारंभात नवख्यासाठी पहिला धडा आहे. ज्या धंद्यात उतरायचे, तो आतून पाहिलेला माणूस सोबत हवा. मालवाहतुकीत असा माणूस म्हणजे अनुभवी चालक किंवा माल बुक करणाऱ्या कार्यालयात काही वर्षे काढलेला मुनीम. कोणता कारखाना किती दिवसांनी पैसे देतो, कोणत्या गोदामात गाडी दोन-दोन दिवस खोळंबते, कोणत्या मार्गावर टोल आणि डिझेल वजा जाता हाती काही उरत नाही, हे गाडी विकणाऱ्या वितरकाच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. स्वतः गाडीमालक होण्याआधी वर्ष-सहा महिने दुसऱ्याच्या गाडीवर किंवा ट्रान्सपोर्ट कार्यालयात काम केलेला तरुण ही माहिती पगार घेऊन मिळवतो. इतरांना तीच माहिती हप्ते थकल्यावर मिळते.

जुने जहाज

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जगभर जहाजांची टंचाई होती आणि भाडी चढलेली होती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीला आहे, हे वालचंद यांना समजले. युद्धकाळात भारतीय सैनिकांसाठी ती इस्पितळ-जहाज म्हणून वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने वालचंद यांनी ती विकत घेतली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि नऊ दिवसांत जहाज लंडनच्या वाटेला लागले.

राष्ट्राच्या दृष्टीने ती घटना अभिमानाची होती. धंद्याच्या दृष्टीने मात्र जहाजाची निवड चुकली होती. 'लॉयल्टी' मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने १८९१ पासून प्रशांत महासागरात उतारूंची ने-आण करणारे जहाज. सिंदियाकडे आले तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस वर्षांच्या आसपास होते. मालवाहतुकीसाठी ते बांधलेलेच नव्हते. १९२१ मध्ये ते मुंबईत उभे करून ठेवण्यात आले आणि १९२३ मध्ये मोडीत निघाले. दरम्यान युद्धोत्तर तेजी ओसरून जगभरची भाडी कोसळली होती.

जुना ट्रक घेऊन धंदा सुरू करणाऱ्याने हा प्रसंग मनात कोरून ठेवावा. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली गाडी स्वस्त पडतेच असे नाही. इंजिन, टायर, पाटे आणि हौद्याची अवस्था, जुने कर आणि दंड यांची थकबाकी, गाडीवरील कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, योग्यता प्रमाणपत्राची मुदत हे सारे व्यवहाराआधी पाहावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आधी माल ठरवावा आणि मग गाडी घ्यावी.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात हा फरक ठळकपणे दिसतो. पेणच्या गणेशमूर्ती वजनाला हलक्या, पण जागा व्यापणाऱ्या आणि नाजूक. त्यांना लांब, बंदिस्त हौदा आणि सावकाश हाकणारा चालक लागतो. शिवाय हे काम हंगामी असते. डोलवीच्या पोलादाच्या गुंडाळ्यांचे नेमके उलट. तिथे जागा थोडी लागते, वजन प्रचंड असते. म्हणून अनेक आसांची भक्कम गाडी किंवा ट्रेलरच हवा. धाटावच्या रसायनांना टँकर लागतो. त्यावरील चालकाकडे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद असावी लागते. एकच गाडी या तिन्ही कामांना चालेल असे मानणे म्हणजे उतारूंच्या जहाजातून माल नेण्यासारखेच आहे.

भाडेयुद्ध

सिंदियासमोरची खरी कसोटी पुढेच होती. भारताच्या किनाऱ्यावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचे वर्चस्व होते. नवा स्पर्धक दिसला की भाडे इतके उतरवायचे की त्याला जहाज चालवणे परवडू नये आणि तो बुडाला की दर पुन्हा चढवायचे, ही परकीय जहाज कंपन्यांची जुनी रीत. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात सुरू केलेली जहाज वाहतूक या रीतीपुढे टिकली नाही. तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये काढलेल्या स्वदेशी कंपनीचीही तीच गत झाली.

यात आणखी एक हत्यार होते. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत आपला सर्व माल एकाच गटाच्या जहाजांतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग त्याला नंतर परत मिळे. मधेच एखादी खेप दुसऱ्या कंपनीला दिली की ती साठलेली सूट बुडे. त्यामुळे सिंदियाविषयी आपुलकी असलेला व्यापारीही तिला माल देताना कचरत असे.

सिंदिया या युद्धात टिकली याची कारणे भावनेत नव्हती. तिच्यामागे भांडवल उभे करू शकणारी माणसे होती. तिने ब्रह्मदेशातील तांदळासारखा नियमित माल धरला. आणि कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तिच्या चालकांनी तो नाकारला. अखेर १९२३ मध्ये दोन्ही बाजूंचा दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनारी वाहतुकीत स्थान मिळाले. मात्र तिच्या जहाजांवर ७५ हजार टनांची मर्यादा आली. वालचंद यांना तो करार अपमानास्पद वाटला. तरी त्यामुळे कंपनी जगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी पुढेही लावून धरली. स्वातंत्र्यानंतर ती मान्य झाली.

भाडेयुद्ध आज रस्त्यावर रोज चालते. फक्त तिथे बलाढ्य कंपनीऐवजी हप्त्याच्या तारखेने घाबरलेला शेजारचा गाडीमालकच दर पाडत असतो. गाडी उभी ठेवण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात काढलेली बरी, या विचाराने निघालेली खेप डिझेलचे पैसेही भागवत नाही. म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे आपला खर्च किती, हे वहीत लिहिलेले असणे आवश्यक ठरते. त्यात डिझेल, टोल, चालकाचा पगार आणि भत्ता धरावाच. शिवाय टायरची झीज, विमा, कर, दुरुस्ती, हप्ता आणि गाडीची दरवर्षी घटणारी किंमत यांचाही वाटा धरावा. या आकड्याखालचे भाडे घ्यायचे ते केवळ परतीच्या खेपेला, कारण रिकामी परतणारी गाडी निव्वळ तोटाच आणते. जाण्याचे भाडे ठरवतानाच परतीच्या मालाची तजवीज हवी.

भाडे ठरले तरी ते हाती पडायला महिना-दोन महिने लागतात. डिझेल मात्र रोख घ्यावे लागते. साऱ्या शिलकीचा पहिला हप्ता भरून टाकणारा मालक त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात अडचणीत येतो. गाडीच्या किमतीखेरीज तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असावा. सिंदियाला तगवले ते याच राखीव बळाने.

समुद्रावरून रस्त्यावर

एकेकाळी पेणचा माल धरमतरच्या खाडीतून आणि रोह्याचा कुंडलिकेतून मुंबईला जाई. त्या काळी आगबोट आणि गलबत हाच कोकणचा हमरस्ता होता. रस्ते सुधारले तशी ही वाहतूक ट्रककडे वळली. हे वळण येणार, हे वालचंद यांनी वेळेत ओळखले होते. मोटारीचा कारखाना काढण्यासाठी १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली आणि त्यातून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेले 'जल-उषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

मोटारीचे स्वप्न मात्र रेंगाळले. युद्धकाळात परकीय सरकारने त्याला साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ल्याला गाड्या तयार होऊ लागल्या. डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक त्यातूनच रस्त्यावर आले. जुन्या पिढीतील चालकांच्या तोंडी ही नावे पुढे कित्येक वर्षे होती.

झेपेची मर्यादा

वालचंद यांची दृष्टी जेवढी दूरची, तेवढी त्यांची झेपही धाडसी होती. बांधकाम, साखर, जहाजे, विमाने, मोटारी असे उद्योग त्यांनी पाठोपाठ हाती घेतले. विमान कारखान्याची सूत्रे १९४२ मध्ये सरकारने घेतली. त्याच वर्षी जपानी बॉम्बहल्ल्यानंतर विशाखापट्टणचे काम विस्कळित झाले, आणि १९५२ मध्ये तो कारखानाही सरकारी छत्राखाली गेला. पक्षाघातानंतर १९५० मध्ये वालचंद कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सिंदियाची जहाजे पुढे काही दशकांनी समुद्रावरून नाहीशी झाली. प्रीमियरच्या मोटारीही इतिहासजमा झाल्या.

एका गाडीचे कर्ज फिटायच्या आत दुसरी आणि तिसरी गाडी घेण्याचा मोह अनेक मालकांना होतो. वालचंद यांच्यामागे भागधारक आणि बँका होत्या. एकट्या गाडीमालकामागे बहुधा घरचे दागिने आणि भातशेतीचा तुकडा असतो. म्हणून पहिली गाडी स्वतःच्या कमाईवर उभी राहिल्याखेरीज दुसरीचा विचार नको. विम्याची मुदत एक दिवसही चुकू देऊ नये. क्षमतेपेक्षा अधिक माल भरून मिळवलेला पैसा टायर, पाटे आणि दंड यांत परत जातो. कधी त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. बिल्टी आणि ई-वे बिल यांतील मजकूर प्रत्यक्ष मालाशी जुळतो की नाही, हे गाडी सुटण्याआधीच पाहावे.

वाहतुकीच्या वाटा बदलत राहतात, हेही ध्यानात असावे. रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि १९९९ पासून भरलेले ट्रक कोलाड येथे मालगाडीवर चढून गोव्याकडे जाऊ लागले. रेल्वे ही ट्रकची शत्रूच, अशी समजूत असलेल्यांना हे नवल वाटले. ज्यांनी हिशेब मांडला, त्यांना मात्र वाचलेले डिझेल, टायर आणि घाटातील वेळ दिसला. रेल्वेच्या कंत्राटापासून आरंभ करून जहाजाकडे आणि जहाजाकडून मोटारीकडे वळलेल्या वालचंद यांना तो हिशेब परका वाटला नसता.